काकूंच्या नळीबद्दल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काविळीसाठी पित्ताची नळी घातली की आईला बरं वाटेल ना?" मी घाईघाईत हो म्हणालो. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून लिहायला बसलो.

बाबांची खाज तू पाहिली नाहीस. तळहात, तळपाय, पाठ. रात्री दोन वाजता कंगव्याने खाजवत बसायचे आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. स्वादुपिंडातल्या कॅन्सरच्या गाठीने पित्तनलिका दाबली होती, त्यामुळे कावीळ आणि ही खाज. दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे नलिका आतून उघडी ठेवणारी छोटी नळी, बसेना, म्हणून बरगड्यांमधून यकृतात नळी घालून पित्त बाहेर पिशवीत काढलं. चौथ्या रात्री ते सलग झोपले. मी कितीतरी वेळ दारात उभा राहून नुसता बघत होतो. त्या झोपेसाठी तरी नळी घालावी, असं मी आजही म्हणेन.

पण बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, उतरलं की माणूस पहिल्यासारखा होईल, असं मी धरून चाललो होतो. मी रिपोर्टमधला आकडा आनंदाने वाचून दाखवायचो आणि ते पिशवी सदऱ्याखाली सारत म्हणायचे, "कोणी येणार असेल तर आधी सांगत जा." अन्नावरची वासना पुरती परतली नाही. थकवा तर गेलाच नाही. तो नुसत्या काविळीचा नव्हता, कॅन्सरचाही होता. झोपेत कूस बदलतानाही हात नळीवर असायचा.

म्हणून डॉक्टरांना आधी विचार, आतून स्टेंट बसेल का? प्लास्टिकचा साधारण ३ महिन्यांत तुंबू शकतो, धातूचा जास्त टिकतो. नळीच घालायची असेल तर तिचं टोक अडथळ्यापलीकडे आतड्यात नेता येईल का? तसं झालं तर पुढे पिशवी काढून नळी बंद ठेवता येते, आणि बाबांना त्या पिशवीचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते बाहेर गेलं की पाणी आणि क्षारही जातात, म्हणून रोज मोजून लिहून ठेव. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ. आम्ही एकदा थांबलो आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला.

नळी कशासाठी, हेही विचार. केमो सुरू करण्यासाठी की फक्त खाज थांबावी म्हणून? आणि हे सगळं काकूंसमोर बोल. बाबांना आम्ही कुणी विचारलंच नाही, ते मला अजून खुपतं.

शनिवारी येतोय. ड्रेसिंग कसं बदलायचं ते दाखवतो.

तुझाच