मुक्कामाचे पैसे घेता, तर गाडीवर लक्षही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात येणाऱ्यांविषयी हल्ली बरेच छापून येते. त्यात सूर्यास्त असतो, सोलकढी असते. माणसे गाडी लावून दिवसभर भटकायला गेली की मागे त्या गाडीकडे कोण बघते, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. आमची दापोली तालुक्यात समुद्रालगत नारळ-पोफळीची वाडी आहे आणि मोसमात अशा गाड्या आमच्या आवारात मुक्कामाला असतात, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीच्या सुटीत एक कुटुंब आमच्याकडे आले, ते आधीच्या मुक्कामावर हात पोळूनच. पैसे घेऊन जागा देणाऱ्या एका ठिकाणी गाडी लावून ते हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेले होते. परत येऊन बघतात तर मागची सरकती खिडकी सताड उघडी, पलंगाखालची बॅटरी आणि गॅसचा छोटा सिलिंडर गायब. खिडकीची प्लास्टिकची कडी स्क्रूड्रायव्हरने उचकटलेली, ती मी स्वतः पाहिली. करंगळीएवढी वस्तू, तिच्या भरवशावर सगळा संसार. जागामालकाने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवले: ‘वाहन व सामान आपापल्या जबाबदारीवर’. विषय संपला!

तो इतक्या सहज संपत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात कर्मचाऱ्याकडे किल्ली सोपवलेली मोटार चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले की ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापले म्हणून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत. गाडीची योग्य काळजी घेतली होती, हे आधी हॉटेलने दाखवायला हवे. किल्ली पर्यटकाच्याच खिशात असेल तर गोष्ट वेगळी, हे मान्य. पण आपल्या अरुंद आळ्यांत ‘दुसरी गाडी आली तर हलवायला लागेल, किल्ली ठेवून जा’ असे सर्रास सांगतात. किल्ली घ्यायची आणि पाटीही दाखवायची, हे दोन्ही कसे चालेल?

पर्यटकांचाही निष्काळजीपणा थोडाथोडका नसतो. बाहेर खुर्च्या मांडलेल्या, छत पसरलेले, पडदे ओढलेले आणि भर दुपारी आत दिवा चालू: घरात कोणी नाही हे साऱ्या वाडीला कळते. जीपमागे ट्रेलर ओढून आणणारे तर ट्रेलर सोडून जीप घेऊन सुवर्णदुर्गाच्या होडीसाठी निघून जातात. मोकळा हुक दिसला की कोणीही आपल्या गाडीला जोडून तो घेऊन जाऊ शकतो. हुकाला कुलूप आणि एका चाकाला लोखंडी जबडा, एवढे तरी हवेच. जीपीएस ट्रॅकर लावतात ते उत्तम, फक्त आमच्या डोंगरउतारांवर मोबाईलची रेंज वेळेला दगा देते हे लक्षात असू द्यावे.

कुलपाचेही इथे वेगळे शास्त्र आहे. शहरातून आणलेले चकचकीत लोखंडी कुलूप खाऱ्या वाऱ्याने बघता बघता गंजते. मग मंडळी त्यात तेल सोडतात, तेलाला वाळू चिकटते आणि ऐन वेळी किल्ली फिरत नाही. कंटाळून दुसऱ्या दिवशी कुलूप नुसतेच अडकवून ठेवलेले असते! पितळी अंगाचे, स्टेनलेस कडीचे कुलूप घ्यावे आणि तेलाऐवजी ग्राफाइटची पूड वापरावी. छतावरची झडपही आठवणीने लावावी, नाहीतर चोराच्या आधी वानरे आत शिरतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवून घेणारे ठाणे अजून निघालेले नाही.

आणि समुद्र? ओहोटीला पुळणीवर गाडी उतरवून जेवायला जाणारे दर वर्षी दिसतात. साधारण सहा तासांत पाणी पुन्हा वर येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर सुरूच्या बनापर्यंत. भरतीची वेळ कोणत्याही मच्छीमाराला विचारली तर तो आनंदाने सांगतो. विचारण्याचे तेवढे कष्ट घ्यावेत.

चोरी झालीच तर ११२ला फोन करावा. हद्दीचा घोळ नको. दाभोळची फेरीबोट ओलांडून गुहागरच्या बाजूला गेल्यावर चोरी लक्षात आली, तरी तिथल्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये तशी तरतूद आहे. विम्याचे बघावे तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. पूर्ण विमा असला तरी आतले कपडे, कॅमेरे, लॅपटॉप त्यात सहसा धरत नाहीत, आणि नंतर बसवलेले सोलर पॅनेल, फ्रिज, इन्व्हर्टर विमा कंपनीला आधी कळवून त्यांची किंमत पॉलिसीत लिहून घेतली असेल तरच भरपाईची आशा. गाडीच गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. म्हणून दुसरी किल्ली गाडीतच ठेवू नये. आमच्या पाहुण्यांकडे बॅटरीचे बिलही नव्हते आणि तिच्यावरच्या क्रमांकाचा फोटोही नव्हता. पोलिसांनी तरी ती कशावरून ओळखायची?

राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले. आता त्याच्या पुढचे काम गावाने करायचे आहे. मुक्कामाचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक जागेला ग्रामपंचायतीने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहिणारी वही, फाटकावर रात्रभर दिवा, आणि पावतीवर त्या पाळीला हजर असलेल्या माणसाचे नाव व मोबाईल नंबर. वेळासला कासवाची पिल्ले समुद्रात सोडताना बघायला लोक पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात. तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा कोणीतरी जागे असणे महत्त्वाचे. गावातल्याच एखाद्या होतकरू पोराला हे काम पगारावर द्यावे. पर्यटकाला रात्रीमागे थोडे जास्त पडतील, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, तो ते कुरकुर न करता देतो. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी हा विषय येत्या ग्रामसभेतच घ्यावा, म्हणजे दिवाळीच्या गर्दीआधी वह्या तरी छापून होतील.

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)
– एक वाडीमालक, ता. दापोली, जि. रत्नागिरी