सोलर भंगारात देण्याआधी बाथरूमचा मिक्सर बघा

मा. संपादक,
स.न.

थंडी पडली की निफाडचा पारा किती खाली गेला ते तुमच्या पेपरात येतं, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवल्याचे फोटो येतात, मी ते सगळं वाचते. पण त्याच पहाटे नाशिकमधे गच्चीवर सोलर असूनही घरोघरी गीझर चालू असतात त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी इंदिरानगरला राहते, १६ फ्लॅटची चार मजली सोसायटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी (हौस नव्हती, कोणी तयार होईना म्हणून झाले).

बिल्डरने फ्लॅट विकताना सोलरचं गरम पाणी असं मोठ्या अक्षरात छापलं होतं आणि गच्चीवर ५०० लिटरच्या चार टाक्या काचेच्या नळ्यांसकट बसवूनही दिल्या. पहिला हिवाळा बरा गेला, दुसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट झालं, तिसऱ्यात कोणी तो नळ सोडेनासंच झालं आणि ज्याने त्याने गीझर बसवले. गेल्या वर्षी मीटिंगमधे ठरलं की ह्या टाक्या भंगारात देऊन टाकू आणि तिथे लिफ्ट-मोटरच्या लाइटबिलासाठी विजेची पॅनल लावू. भंगारवाला येऊन भाव पण सांगून गेला.

ठराव मलाच लिहायचा होता आणि लिहिताना जरा जीवावर आलं. माझ्या माहेरी सिन्नरला तांब्याचा बंब होता, वडील पहाटे उठून त्यात चिपाडं घालायचे, डोळ्यात धूर जायचा, आणि इथे फुकटचं ऊन आहे तर आपण ते भंगारात घालतोय. मग वहीत हिशोबच मांडला. २० लिटरची एक बादली थंडीत १८ डिग्रीवरून ४२ पर्यंत न्यायची तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्तच वीज लागते, चार माणसांच्या घराचे सव्वादोन युनिट धरा, १६ घरांचे रोज ३५-४० युनिट झाले. आणि ही वीज येते कुठून, आपल्या एकलहऱ्यासारख्या ठिकाणी कोळसा जाळून, त्यात कोळशातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते, आणि मग त्या विजेची आपण परत उष्णता करतो ती सुद्धा अंगावर ओतायला! त्यापेक्षा वडिलांचा बंब बरा म्हणायचा.

तर एका जुन्या प्लंबर काकांना बोलावलं. सकाळी ११ वाजता गच्चीवर गेले, टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला आणि झटकन काढला, म्हणाले ताई हे तर भाजतंय, तुमचं सोलर ठणठणीत आहे, गार पाणी मधेच कुठून शिरतंय ते शोधू. मग त्यांनी जे केलं ते प्रत्येक सोसायटीने करावं असं आहे. गरम लाइनचा गच्चीवरचा मेन कॉक बंद केला, डक्टमधले सगळ्या फ्लॅटचे गरम पाण्याचे कॉक बंद केले, फक्त तळमजल्यावरच्या एका फ्लॅटचा ठेवला आणि तिथला गरम नळ सोडला. पाइपातलं होतं तेवढं पाणी येऊन नळ थांबला. आता एकेका फ्लॅटचा कॉक उघडत गेले आणि तिसऱ्या मजल्यावरचा उघडल्याबरोबर खालचा नळ धो धो वाहायला लागला, गार पाण्याने! मेन बंद असताना गरम नळाला पाणी आलं म्हणजे ते त्या फ्लॅटच्या गार लाइनमधून येतंय, दुसरं काय.

वर जाऊन बघितलं तर तिथे भाड्याने राहणारी कॉलेजची मुलं, बाथरूममधे भिंतीवरच्या मिक्सरला (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) हातात धरायचा शॉवर जोडलेला, आणि मुलं शॉवरचं बटण सोडून मोकळी होतात, मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही चाव्या कायम उघड्या. पुढचं तोंड बंद असल्यामुळे गार पाणी मिक्सरमधून सरळ गरम लाइनमधे घुसतं आणि मग कोणीही गरम नळ सोडला की वरचं गरम आणि ह्या फ्लॅटमधलं गार असं मिसळून कोमट येतं. पहिल्या मजल्यावर एकांच्या गीझरच्या बायपासचा, म्हणजे गीझरला वळसा घालून गार आणि गरम लाइन जोडणाऱ्या पाइपचा कॉक अर्धवट उघडा राहिला होता, तोही तसलाच प्रकार. म्हणजे दोन बाथरूमनी १६ घरांचं पाणी गार केलं आणि शिव्या तीन वर्षं सोलरने खाल्ल्या. बरं मुलांची तरी काय चूक, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असता तर हे झालंच नसतं, पण बिल्डरने तेवढेच पैसे वाचवले असणार.

नळ्यांची पण थोडी भानगड होती. ह्या नळ्या दुहेरी काचेच्या असतात, मधे व्हॅक्यूम असतो, थर्मासच की. बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत भाग दिसतो, तो पांढरा पडला की व्हॅक्यूम गेला, ती नळी बदलायची, हे खाली वाकून कोणालाही बघता येतं. आमच्या ११ पांढऱ्या निघाल्या, काही तडकलेल्या होत्या. का तडकल्या तर पाणी बंद असलं की टाकी रिकामी होते, नळ्या उन्हात नुसत्याच तापतात आणि वॉचमन भर दुपारी मोटर लावून गार पाणी सोडतो. आता त्याला सांगितलंय की सोलर रिकामं झालं तर सूर्य मावळल्यावरच भरायचं. उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं जड पाणी पण ह्यातच जातं, त्याचे क्षार नळीत बसतात, ते वर्षातून एकदा साफ करून घ्यावे लागतात.

तळमजल्यावरच्या काकूंची तक्रार वेगळी, की सोलरला पाणी गारच येतं. अहो काकू, पाऊण इंची पाइपात मीटरला ३०० मिली पाणी मावतं, गच्चीपासून तुमच्यापर्यंत १६-१७ मीटर आहे, म्हणजे पहिले पाच लिटर रात्रभर पाइपात निवलेलंच येणार, ते वेगळ्या बादलीत धरा आणि फरशीला वापरा. ह्यावर त्या अजून नाराज आहेत.

विजेची पॅनल नकोत असं मी म्हणत नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, आम्ही पण लावणार आहोत. गरम पाण्याच्या सोलरची केंद्राची सबसिडी मात्र २०१४ मधेच बंद झाली आणि तेव्हापासून ते सगळ्यांना जुनाट वाटायला लागलं. पण विजेचं पॅनल उन्हातला साधारण पाचवा हिस्सा पकडतं आणि ह्या काळ्या नळ्या निम्म्याच्या आसपास, मग पाणीच तापवायचं असेल तर नळ्या काढून पॅनल लावण्यात काय शहाणपणा? फक्त पॅनलचा उंच सांगाडा सोलरच्या दक्षिणेला उभा करू नका. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी १२ ला सुद्धा सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते, आमचा काँट्रॅक्टर नेमका तिथेच खुणा करत होता!

जुलै-ऑगस्टमधे ढग असले की सोलर चालत नाही, तेव्हा गीझर लागतोच. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सगळी बिल्डिंग पहाटे एकदम उठली तर शेवटच्यांना कोमट मिळणार, कारण जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार लगेच टाकीत येतं आणि उजाडेपर्यंत ते तापणार कशाने. हे धरून चालायचं.

व्हॉल्व्ह, नळ्या, सफाई सगळं मिळून फ्लॅटमागे अडीच हजारच्या आत काम झालं आणि ह्या जानेवारीत आमच्या घरी गीझर दोनच दिवस लागला. महापालिकेला एक विनंती, मोठ्या बिल्डिंगला सोलर नियमात आहेच, तर पूर्णत्वाचा दाखला देताना गच्चीवर टाक्या मोजण्यापेक्षा सगळ्यात खालच्या फ्लॅटमधे एक गरम नळ सोडून बघावा आणि गरम लाइनचा नकाशा सोसायटीच्या हातात द्यायला लावावा, आम्हाला तो अजून मिळालेला नाही. तुमच्या पेपरने पण दिवाळीआधी ती मेन कॉक बंद करून बघायची पद्धत एका चौकटीत छापली तर फार बरं होईल.

तिसऱ्या मजल्यावरची मुलं परीक्षा झाली की रूम सोडतायत. नवीन येतील त्यांच्यासाठी मिक्सरच्या दोन्ही चाव्या बंद करा असा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

आपली,
एक सेक्रेटरी, इंदिरानगर, नाशिक