नांगर थांबवला, पण ओढ्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत विना नांगरणी शेतीवर आलेला लेख वाचला, खूप आवडला, कात्रण काढून ठेवलंय. पण त्यात एक गोष्ट राहून गेली असं वाटलं म्हणून हे पत्र लिहितोय. लेख सगळा एका शेताबद्दल आहे, बांधापलीकडे काय आहे त्यावर एक ओळही नाही, आणि माझा अनुभव असा की खरी अडचण बांधापलीकडेच सुरू होते.

मी राहायला धायरीला, पण शेत सासवडजवळ आहे, कऱ्हा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला, दोन एकर दहा गुंठे. थोडे अंजीर, सीताफळाची झाडं, बाकी बाजरी, वाटाणा, कांदा. वडील गेल्यावर शेत माझ्याकडे आलं तेव्हा मी नेरळला जाऊन चंद्रशेखर भडसावळे यांची भाताची एसआरटी म्हणजे सगुणा राइस टेक्निक ही पद्धत बघून आलो. गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणी झाली की मुळं जमिनीतच राहू द्यायची. (त्यात तणनाशक वापरतात ते मला पटत नाही, आम्ही तण कापून तिथंच पसरतो, मजुरी जास्त जाते पण चालतंय.) आमच्याकडे भात नाही पण तत्त्व तेच, मुळं जागच्या जागी कुजली की तिथं बारीक नळ्या राहतात, पाणी त्यातून आत मुरतं, गांडुळं तोच रस्ता धरतात आणि वर पालापाचोळ्याचं पांघरूण असल्यामुळे ऊन थेट मातीला लागत नाही. नांगरून उघडी टाकलेली माती तापते आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब उडून जातो हे आता कृषी सहायकही सांगतात. पहिली दोन वर्षं उत्पन्न कमी आलं, घरात बोलणी बसली. पण आज बाजरीचं धसकट उपटलं तर मुळांना माती चिकटून वर येते, हातात चुरली की ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या सुट्या होतात आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. शेजारच्या नांगरलेल्या रानात तीच माती ढेकूळ होऊन बसलेली असते.

इथपर्यंत तुमच्या लेखासारखंच छान छान आहे. पुढचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याचं खोलीकरण झालं. पोकलेन आलं आणि चार दिवसांत दोन्ही काठ साफ. करंज, जांभूळ, निरगुडी आणि एक मोठा उंबर, त्या उंबरावर दरवर्षी आग्या मोहोळ बसायचं, माझ्या आजीच्या लहानपणापासून बसायचं म्हणे. सगळं गेलं आणि काठावर मुरमाचे ढीग आले. पाणी साठलं का, तर साठलं, दोन पावसाळे. मग काठ धरून ठेवायला मुळंच नाहीत म्हटल्यावर मुरूम परत आत आला आणि ओढा होता तेवढाच उथळ झाला. मोहोळ मात्र आलं नाही. पुढच्या वर्षी कांद्याचं बी धरायला गोंडे ठेवले होते, चोळून बघितले तर निम्मं बी पोकळ. कांद्याच्या बियाला मधमाशी लागतेच. आता कुणी म्हणेल पेट्या भाड्याने आणा, आणता येतात, पुण्यात तर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, माहितीची कमी नाही. पण पेटी उचलली की माशी गेली. आणि सीताफळाचं काय करणार? त्याच्या फुलाचं परागीकरण मधमाशी करतच नाही, बारीक भुंगेरे करतात, आणि ते सडक्या फळांत, कुजक्या पाल्यात वाढतात. पुरंदरचं सीताफळ म्हणून आपण मिरवतो, पण त्या भुंगेऱ्यांना राहायला ओला, सावलीचा कोपरा शिवारात ठेवलाय का कुठं?

म्हणून म्हणतो, माती सुधारणं एकट्या शेतकऱ्याला जमतं, पण माशी, भुंगा, पक्षी, पाणी यांना सातबारा कळत नाही. त्यांना सलग वाट लागते. आणि ती वाट आपल्याकडे आहे, नवीन काही शोधायचं नाही. नकाशात कऱ्हा बघा. गराड्याच्या डोंगरात उगवते, सासवड, जेजुरी करत मोरगावला जाते आणि तिथून जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे चिंकारा हरणांचं, जेमतेम ५ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारा थोडाच मावतोय, तो आजूबाजूच्या माळावर, पडीक रानात चरतो, लांडगाही तिथंच असतो. डोंगर ते माळ अशी एक रेघ नदीनं आधीच ओढून दिलीय, तिला मिळणारे ओढे आणि शेताचे बांध नुसते हिरवे राहिले तरी सगळं जोडलं जातं.

दुसरी वाट धनगरांची. दिवाळीनंतर कोकणात उतरणारा एक वाडा, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारी काही कुटुंबं, दरवर्षी आमच्या रानात दोन रात्री मेंढ्या बसवतो. संध्याकाळी बाया घोड्यावरून वाघरा उतरवतात, मेखा ठोकून जाळं ताणतात, कोकरं वेगळी करतात आणि अंधार पडायच्या आधी सगळा कळप आत. सकाळी रान लेंड्या-मुतानं भरलेलं असतं, आम्ही त्यांना धान्य देतो, थोडे पैसे देतो. एवढं चांगलं खत कुठल्या दुकानात मिळत नाही, शिवाय लेंड्यांतून माळावरच्या गवताचं, बाभळीचं बी इकडून तिकडं जातं ते फुकट. मागच्या वर्षी त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "दादा, वाटंवर सगळी कंपाऊंडं झाली बघा, मेंढरं डांबरीवरनं न्यावी लागत्यात, दोन गाडीखाली गेली." मला बोलायला काही सुचलं नाही.

माळाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायचीय. पावसाळा आला की पुण्यातून बसेस भरून लोक झाडं लावायला येतात, भावना चांगली असते, पण लावतात कुठं तर माळावर, जिथं कुसळी, मारवेल, पवन्या असलं गवत आहे. ते गवत म्हणजे ओसाड जमीन नव्हे हो! चंडोल, धाविक तिथं जमिनीवरच अंडी घालतात. तिथं खड्डे काढून गिरिपुष्पासारखं बाहेरून आलेलं झाड लावलं की माळ गेला. आपल्या पुण्यातल्या टेकड्यांवर हेच झालं. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठाला लावा, करंज, उंबर, जांभूळ, जिथून आपणच ती उपटली.

शेतकऱ्याचीही बाजू आहे आणि ती खरी आहे. ओढ्याकाठी दहा फूट पट्टा सोडायचा म्हणजे माझ्यासारख्याचे तीन-चार गुंठे जातात. झाडोरा वाढला की रानडुक्कर येतं, मका, भुईमूग एका रात्रीत झोपवतं, हे मी स्वतः सोसलंय. म्हणून नुसती भाषणं नकोत. जो काठ राखेल त्याला गुंठ्यामागे दरवर्षी भाडं द्या, डुकरानं नुकसान केलं तर भरपाई महिन्याच्या आत द्या. रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावायला पैसे मिळतात, त्यातच ओढ्याकाठची देशी झाडं घाला. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला पाहिजे, खोलीकरणाचं मशीन ओढ्यात उतरायच्या आधी तिची सही लागेल असं करा. आणि रिंगरोड आमच्या तालुक्यातून जातोय तर आत्ताच, काम व्हायच्या आधी, खालून वाट ठेवा. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या खालून वाघ जातात, समृद्धीवरही वन्यप्राण्यांसाठी वाटा केल्या, मग इथं लांडग्याला, चिंकाऱ्याला आणि धनगराच्या मेंढ्यांना का नको? रस्ता झाल्यावर फोडून वाट काढणार नाही कुणी.

संपादक साहेब, एक विनंती. पुढची पुरवणी काढाल तेव्हा एका शेतावर थांबू नका, वार्ताहराला गराड्यापासून सुप्यापर्यंत कऱ्हेच्या काठानं चालत पाठवा, कुठं झाडी आहे, कुठं तुटलीय ते फोटोसकट छापा. सासवडला मुक्कामाची आणि भाकरीची सोय मी करतो. दिवाळीनंतर लगेच आलात तर आमच्या रानात मेंढ्या बसलेल्या असतील.

आपला,
एक नियमित वाचक, धायरी, पुणे