पहिल्या फेरीची किंमत १५६ डॉलर

महोदय,

आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम-१५ या पुरुषांच्या सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम १५ हजार डॉलर. पण एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला मिळतात १५६ डॉलर, आणि क्रमवारीचे गुण शून्य. प्रवास, हॉटेल, रॅकेटच्या तारा बदलणं, सारं स्वतःच्या खिशातून. कमावलेले गुणही ५२ आठवड्यांनी गळतात. म्हणून दुखरा खांदा घेऊन पोरं खेळत राहतात. २०२३ मध्ये टेनिसपटू सुमित नागलने खात्यात ९०० युरो उरल्याचं सांगितलं होतं, तोही देशात अव्वल असताना!

नवी मुंबईत स्पर्धा असेल तेव्हा नेरुळ-वाशीतल्या कुटुंबांनी एकेका खेळाडूला आठवडाभर घरी ठेवून घ्यावं. वाचलेल्या खोलीभाड्यात पुढच्या गावाचं तिकीट निघतं. महापालिकेने सरावाला कोर्ट विनाशुल्क द्यावं.

— एक टेनिसप्रेमी, नेरुळ