नाना, त्या चार सेकंदांसाठी

आदरणीय नाना,
सा. नमस्कार.

गेल्या महिन्यात सुरतेहून एक फोन आला. बोरीकाठच्या त्या गावातली नवरी, १९९९ च्या मे महिन्यातली. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे. वडिलांना जाऊन वर्ष झालं. लग्नाच्या कॅसेटला बुरशी धरायला लागली होती, म्हणून तिने ती तिकडेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पाठवणीचा तुकडा मला मोबाईलवर पाठवला. म्हणाली, "दादा, बाबा कसे बघताहेत माझ्या गाडीकडे."

तो शॉट कुठला, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. मी रात्री तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला आणि ठरवलं की तुमचे आभार आता चारचौघांत मानायचे. सिनेमा कसा बोलतो हे मी मुलांना शिकवतो, त्यावर माझं घर चालतं. पण ते मला आधी शिकवलं तुम्ही, पारोळ्याच्या बाजारपेठेतल्या आठ बाय दहाच्या मिक्सिंगच्या, म्हणजे शॉट जोडायच्या, खोलीत.

बारावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे लग्नाच्या शूटिंगला लाईट धरायला आलो. तेव्हा सगळे शूटिंगवाले हॅलोजन कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ तोंडावर मारायचे. नवरी पिठासारखी पांढरी आणि मागे सगळा काळोख. हळदीच्या रात्री तिचे डोळे मिटायला लागले, तेव्हा तुम्ही माझा हात धरून लाईट चुन्याच्या भिंतीकडे फिरवलात. भिंतीवरून परत आलेला उजेड तिच्या गालावर मऊ पडला. मागे बसलेल्या बायाही दिसायला लागल्या, त्यांच्या ओठांवरची गाणी दिसायला लागली असंच मला वाटलं. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी स्टुडिओत बांधलेल्या काशीच्या घरात, अंगणावर पांढरं कापड ताणून असाच उजेड परतवून घेतला होता, हे मी पुढे वाचलं. अंगणातला उजेड आभाळातून येतो, त्याला कडक सावली नसते. तुमच्याकडे कापड नव्हतं, भिंत होती.

पण खरी शाळा मिक्सिंगची. एक प्लेअर, एक रेकॉर्डर, दोन टीव्ही. मधेच एखादा शॉट घालायचा तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवायला लागायचं, आणि कॉपीची कॉपी केली की चित्र फिकं पडायचं. म्हणून बटण दाबायच्या आधी तुम्ही खूप वेळ गप्प बसायचात. आज मुलं माऊसने शंभर कट करतात आणि शंभर परत घेतात. मी त्यांना कधीकधी मुद्दाम वहीवर कट लिहायला लावतो.

त्या लग्नाची पाठवणी जोडताना आपण अडकलो. जीप धूळ उडवत निघते, आणि त्यानंतर वडील हवेत. वडिलांचा शॉटच नव्हता. मग तुम्ही सकाळची कॅसेट लावलीत. ओट्यावर उभे, कपाळावर आडवा हात, रस्त्याकडे नजर. पाण्याचा टँकर आला नव्हता, त्याची वाट बघत होते. तुम्ही तो शॉट जीपच्या मागे लावलात. जीप उजवीकडे गेली होती आणि त्यांची नजरही उजवीकडेच होती. सुरुवातीला सकाळची लांब सावली दिसत होती, तेवढी कापलीत. आधी दोन सेकंद ठेवून बघितलंत, तेव्हा नुसता एक माणूस बघतोय असं वाटलं. चार सेकंद ठेवलात आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उतरलं. सनई बंद केलीत, आणि जीपचा आवाज त्यांच्या चेहऱ्यावर चालू ठेवलात, लहान लहान होत जाणारा. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "तुले काय दिसनं?"

मी म्हणालो, आंडेर गेली, लेक गेली, आणि बाप आतून तुटला. आणि लगेच म्हणालो, पण नाना, हे खोटं आहे, ते तर टँकरकडे बघत होते. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, पाठवणीच्या वेळी ते घरामागे गुरांच्या गोठ्यात उभे राहून रडत होते. तुम्ही तिथे गेला होतात, आणि कॅमेरा खाली घेऊन परत आलात. ते रडणं त्यांचं होतं, लोकांना दाखवायचं नव्हतं. पण ते झालं होतं, हे कॅसेटमध्ये कुठेतरी यायला हवं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही 'शोले' लावलात. ठाकूरच्या घरच्यांना गब्बर मारतो तो भाग. एकेक माणूस पडतो तसं चित्र त्याच्यावर क्षणभर गोठतं, झोपाळा करकरत राहतो. शेवटी लहान नातू उरतो. तुम्ही विचारलंत, पोराला गोळी लागताना बघितलीस? मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. "आखो दख," म्हणून तुम्ही टेप मागे घेतलीत. गोळी सुटते आणि पडद्यावर आगगाडी येते. पोर पडताना कुठेच नाही. इतकी वर्षं ते मी माझ्या डोक्यात बघत होतो. 'शोले'ला त्या वर्षीचं एकच फिल्मफेअर मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. तुम्ही हे इतक्या अभिमानाने सांगितलंत, जणू शिंदे आपल्याच गल्लीतले.

पुढे पुण्यात शिकताना दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग समजला. रशियात, १९२० च्या आसपास, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांनी त्याच्या अभिनयाची तारीफ केली. वर्गात सगळे थक्क झाले. मला तो ओटा आठवला. पण कुलेशॉव्हच्या प्रयोगात एक गोष्ट नाही, जी तुमच्याकडे होती. त्याचा नट कशाचाच विचार करत नव्हता म्हणून तो चेहरा कुठेही चालला. तुम्ही मात्र कुणाचाही चेहरा कुठेही जोडायचा नाहीत. वरपक्षातल्या एका मामांचा जांभई देतानाचा शॉट मंगलाष्टकांत घालू या, लोक हसतील, असं मी सुचवलं होतं. तुम्ही ती कॅसेटच माझ्या हातातून काढून घेतलीत.

आणि मंगलाष्टकांत तर कटच नाही. अंतरपाट खाली येईपर्यंत कॅमेरा एका जागी. पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत आहे, तरी वाट बघू द्या, म्हणायचात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ साली थिएटरात बघताना मला हेच आठवत होतं. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, कुणाच्या तोंडाजवळ धावत नाही. तारखा पडत राहतात आणि आपणही त्या बाकावर अडकून बसतो. कट असता तर सुटका झाली असती. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, काळोख होतो. वाटतं, संपला. आणि मग न्यायाधीशांची सुट्टी सुरू होते! त्या काळोखावर मी मुलांशी तास-तास बोलतो. तुमच्याशी बोलायचं राहून गेलं.

सुरतेच्या ताईला मी टँकरची गोष्ट सांगितली. सांगू की नको, याचा दोन दिवस विचार केला. ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, ते पाणी माझ्याच लग्नाचं होतं ना?"

नाना, गोठ्याचं मात्र तिला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही बघितलंत, तुम्हीच सांगा. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येणार आहे. तिला घेऊन तुमच्याकडे येतो. तो तुकडा पेनड्राइव्हवर आणतो, तुमच्या टीव्हीला लागेल. आवाज जरा मोठा ठेवू, जीप लांब जाईपर्यंत ऐकू यायला हवी.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
लाईट धरणारा