कोच, तुम्ही लिहून घेतलंत

कोच,

सप्रेम नमस्कार. तुमच्या नावाचं इंग्रजी पत्र वेगळं पोस्टात टाकलं आहे. त्यात चार ओळींत आभार मानलेत, कारण इंग्रजीत मला एवढंच नीट जमतं. हे लांबलचक पत्र मराठीत आहे आणि ते आमच्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. धाकटा काय करतो, असं ते विचारतात. 'कॉलेजात फुटबॉल कोच आहे,' म्हटलं की पहिला प्रश्न 'मेस्सीवाला फुटबॉल?' (नाही, अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा) आणि दुसरा, 'बरं, पण नोकरी कुठे?'

नोकरी हीच. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणतात तिला. मास्टर्सची फी माफ, वर जेमतेम भाड्यापुरता स्टायपेंड. पहाटे काळोखात ऑफिसात जायचं आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फिल्म बघत बसायचं. प्रत्येक चालीची नोंद करायची: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवे होते, कोण कुठे उभा होता. ही सगळ्यांत खालची पायरी. त्यावर एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारा पोझिशन कोच, मग सगळं आक्रमण किंवा सगळा बचाव सांभाळणारा कोऑर्डिनेटर, आणि नशिबात असेल तर हेड कोच. प्रत्येक पायरी बहुधा वेगळ्या गावात, वेगळ्या राज्यात.

आम्ही ओहायोत राहतो. जवळच ऑक्सफर्डला मायामी युनिव्हर्सिटी आहे, तिथे स्टेडियमपाशी पॉल ब्राऊन, आरा पार्सेगियन, बो शेम्बेकलर अशा प्रशिक्षकांचे पुतळे आहेत. ते बघून आमचे हे म्हणाले होते, 'खेळाडूंचे नाहीत, मास्तरांचे पुतळे! बरा देश आहे.' पुतळा होण्याआधी या मास्तरांना किती घरं बदलावी लागतात, ते मात्र तुमच्यामुळे कळलं.

आता जरा मागचं. पहिल्या कॉलेजातल्या कोचचं नाव घेत नाही, तेवढी किंमत त्यांना द्यायची नाही. 'तू कधी पॅड घातलेले नाहीस, तुला यातलं काय कळणार? तुम्ही लोक कॉम्प्युटरमध्ये चांगले असता,' असं त्यांनी पोराला तोंडावर सांगितलं. मग चांगली दोन-तीन वर्षं तो त्यांच्या मीटिंगमध्ये भिंतीला टेकून उभा. प्रोजेक्टरची वायर कुठे आहे, याखेरीज त्याला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा तो घरी आला की माइक लीचच्या गोष्टी सांगायचा. कॉलेजात कधी फुटबॉल न खेळलेला, वकिलीची पदवी घेतलेला माणूस, आयोवाच्या लहानशा कॉलेजात शिकवलं, मध्ये फिनलंडलाही जाऊन आला आणि 2000 च्या मोसमात टेक्सस टेक या मोठ्या युनिव्हर्सिटीचा हेड कोच म्हणून उभा राहिला. मला कळायचं की हे तो मला नाही, स्वतःलाच ऐकवतोय.

मग तो तुमच्याकडे आला. त्या रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही वळून त्याला विचारलंत: थर्ड डाऊन, चार यार्ड हवेत, यांचा डिफेन्स काय करतो? त्यानं सांगितलं. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, हसलाही नाहीत. पेन उचललंत आणि तो जे बोलला ते आपल्या कागदावर लिहून घेतलंत. पुढे मीटिंग चालू.

मध्यरात्र उलटल्यावर त्याचा गाडीतून फोन आला. 'आई, कोचनी लिहून घेतलं.' मी झोपेत विचारलं, काय लिहून घेतलं? तर म्हणाला, 'मी बोललो ते.'

शनिवारी सामना तुम्ही हरलातच. त्यानं काही बिघडलं नाही. मी एका लॅबमध्ये काम करते, मीटिंगा मलाही असतात. मान डोलावणारे साहेब मी ढिगानं पाहिलेत. 'छान मुद्दा' म्हणतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. समोरच्याचं बोलणं आपल्या कामाचं असू शकतं, एवढं मानायला पद लागत नाही, पगार लागत नाही, तरी इतकी कमी माणसं का करतात हे, कोण जाणे!

नोव्हेंबरात तुमच्या हेड कोचना काढलं आणि रिवाजाप्रमाणे सगळा स्टाफ गेला. टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीनं 2023 मध्ये आपले हेड कोच जिम्बो फिशरना काढलं तेव्हा युनिव्हर्सिटी त्यांना कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होती, म्हणे. असले आकडे हेड कोचचे, तेही बड्या कॉलेजांचे. तुमच्यासारख्यांच्या हातात सामानाचे खोके आणि मुलांच्या नव्या शाळेची चिंता. त्याच आठवड्यात, स्वतःचं कुठे ठरलेलं नसताना, तुम्ही आमच्या मुलासाठी चार ठिकाणी फोन केलेत. त्यातूनच त्याला हे नवं काम मिळालं. हेही मी विसरणार नाही, पण पेनचं आधी आठवतं.

तुमचंही जमलं हे ऐकून बरं वाटलं. तुमच्या नव्या कॉलेजाशी आमची गाठ सप्टेंबरात आहे. सामन्याआधी येऊन भेटेन, वहिनींना आणि मुलांनाही आणा. पण एकदा सामना सुरू झाला की मी पोराच्या बाजूनं. तुमच्या थर्ड डाऊनला सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी बाई मीच असेन, राग मानू नका.

तुमची,
त्याची आई