रीड भिजेपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सॅक्सोफोनवर रोज दोन तास सराव करूनही त्या चार बारांची, म्हणजे स्वरलिपीतल्या ठरावीक ठोक्यांच्या चार भागांची, गाठ सुटत नाही, ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ७२ वर असताना सगळे सुरळीत जाते पण ८८ वर नेला की बोटे अडखळतात, आणि आता तर ती जागा जवळ आली एवढ्या जाणिवेनेच खांदे वर चढतात, असे तू लिहिले आहेस. सरावाचे तास वाढवावेत का, असेही तू शेवटी विचारले आहेस. याचे उत्तर एका ओळीत देता येईल, पण ज्या अनुभवातून ते आले तो सविस्तर सांगितल्याखेरीज तुला ते पटणार नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तास वाढवू नकोस. आहेत त्या दोन तासांपैकी निदान वीस मिनिटे वाद्याला फुंक न घालता घालव.

गेल्या वर्षी माझा उजवा अंगठा दुखावला होता, हे तुला ठाऊक आहे. सॅक्सोफोनचे वजन गळ्यातल्या पट्ट्याने पेलायचे असते, पण पट्टा हवा त्यापेक्षा सैल ठेवून वाजवण्याची मला वर्षानुवर्षांची सवय होती आणि त्यामुळे अंगठ्यावर टेकणाऱ्या हुकाचा भार मी नकळत हातावर घेत होतो. तीन आठवडे वाद्य हातात धरायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्या वेळी मी तुझ्यासारख्याच एका ओळीशी झगडत होतो. पाश्चात्त्य स्वरांच्या नावांत सांगायचे तर बीवरून सी शार्प, तिथून वरचा डी, मग ई आणि त्याच वाटेने परत, आणि हे सगळे एका ठोक्याला चार स्वर या वेगात. वाजवता येत नव्हते म्हणून मी संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, ती ओळ मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून पाहायला लागलो. हाताशी दुसरे काही नव्हते, एवढेच त्याचे कारण होते.

पहिल्याच संध्याकाळी जे लक्षात आले ते मी अजून विसरलेलो नाही. पहिले दोन बार स्पष्ट ऐकू आले आणि बोटांच्या टोकांना कळांचा स्पर्शही जाणवला. तिसऱ्या बारात सी शार्पपाशी आल्यावर मात्र सगळे धूसर झाले. सी शार्प ऐकू आला, त्यानंतर काहीतरी फरफटत गेल्यासारखे झाले आणि पुढचा स्पष्ट स्वर आला तो थेट ई. मधला डी माझ्या मनात नव्हताच. प्रत्यक्ष वाजवताना बोटे जिथे अडखळत होती, नेमक्या तिथेच मनातले चित्रही पुसले जात होते. तिथे दोष द्यायला रीड, म्हणजे फुंकेने थरथरून सूर काढणारी वेताची पातळ पट्टी, नव्हते, कळीखालचे भोक झाकणारे चिकटलेले पॅड नव्हते, आणि थकलेली बोटेही नव्हती. जी हालचाल मला नीट कल्पिताच येत नव्हती तिची मागणी मी इतके महिने हातांकडे करत होतो.

मग मी मनातला वेग ४० वर आणला आणि त्या एका उडीकडे बारकाईने पाहिले. मधल्या सी शार्पला एकही बोट दाबलेले नसते, वाद्य पूर्ण उघडे असते. पुढच्या डीसाठी डाव्या हाताची तीन आणि उजव्या हाताची तीन अशी सहाही बोटे एकाच क्षणी खाली यावी लागतात आणि त्याच क्षणी डाव्या अंगठ्याने ऑक्टेव्ह की, म्हणजे सूर वरच्या सप्तकात नेणारी कळ, दाबावी लागते. हे पुस्तकी ज्ञान आपल्या दोघांनाही पहिल्या महिन्यापासून आहे. पण मनात ती हालचाल सावकाश करून पाहताना मला सहा बोटे दिसली आणि अंगठा दिसलाच नाही. तो कुठे आहे, टेकूवर आहे की कळीकडे सरकला आहे, याची मला काही कल्पनाच नव्हती. तेव्हा मला आठवले की त्या जागी माझा डी आधी खालच्या सप्तकात घोगरा फुटतो आणि मग वर उडी मारतो. अंगठा उशिरा पोहोचला की नेमके हेच होते. मी मात्र त्याचे खापर आजवर रीडवर फोडत आलो होतो.

पुढचे अठरा-वीस दिवस मी रोज पंधरा मिनिटे ती उडी अंगठ्यासकट मनात करत राहिलो. टेकूवरून अंगठा उचलायचा नाही, त्याचे टोक नुसते वर कलते करायचे, ही साधी गोष्टही मला त्या खुर्चीतच सुचली. वाद्य परत हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी ती ओळ ८८ वर स्वच्छ गेली. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ओठ पार ढिले पडले होते. दहा मिनिटांत तोंडाच्या कोपऱ्यातून हवा निसटू लागायची आणि लाँग टोन, म्हणजे एकच लांब सूर, धरला की सूर थरथरायचा. ते पूर्ववत व्हायला जवळजवळ महिना लागला. ओठांचे स्नायू, श्वासाचा दाब आणि फुंकेचा टिकाऊपणा केवळ विचाराने तयार होत नाही. म्हणून प्रत्यक्ष सराव सोडून दे, असे मी तुला कधीही म्हणणार नाही.

पियानोवर झालेल्या एका प्रयोगातही साधारण असेच दिसले होते. आल्व्हारो पास्कुआल-लिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात पाच बोटांचा एक सोपा क्रम काही जणांना रोज दोन तास, पाच दिवस प्रत्यक्ष वाजवायला दिला आणि काही जणांना तेवढाच वेळ वाद्यासमोर बसून केवळ मनात वाजवायला सांगितले. बोटांची हालचाल चालवणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत सारखाच बदललेला आढळला. पाचव्या दिवशी मनात वाजवणाऱ्यांचे कौशल्य प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके होते, आणि त्यानंतर एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवल्यावर ते प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या पाचव्या दिवसाच्या पातळीला पोहोचले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. मनाने केलेले काम वाया जात नाही, ते हातांची वाट पाहत थांबते.

बोटांविषयी एवढे पुरे. सॅक्सोफोनच्या बाबतीत सुराची तयारी मला त्याहूनही महत्त्वाची वाटते, कारण या वाद्यात कळ दाबली म्हणजे सूर मिळाला असे होत नाही. तुला पटावे म्हणून एक प्रयोग सुचवतो. सर्वांत खालच्या बी फ्लॅटची सगळी बोटे दाबून ठेव आणि एकही बोट न हलवता त्याच नळीतून आधी मूळ सूर, मग त्याच्या वरच्या सप्तकातला बी फ्लॅट, मग त्यावरचा एफ, मग आणखी वरचा बी फ्लॅट काढून पाहा. बोटे तीच, रीड तेच, ओठांची पकडही जवळजवळ तीच. बदलते ती घशाची आणि जिभेच्या मागच्या भागाची ठेवण, आणि ती ठेवण तुला हुकूम देऊन बदलता येत नाही. एफ मनात लख्ख ऐकू आला तर घसा आपसूक त्या आकाराला जातो. ऐकू आला नाही तर कितीही जोर लावला तरी खालचाच सूर घुमत राहतो. सिगुर्ड राशर हे शास्त्रीय सॅक्सोफोनचे थोर वादक, ज्यांच्यासाठी ग्लाझुनोव्ह आणि इबेर यांनी १९३०च्या दशकात रचना केल्या, ते शिष्यांना हेच शिकवत असत की फुंकण्याआधी सूर आत ऐकू आला पाहिजे. या वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्या कितीतरी वरचे सूर ते याच बळावर काढत.

आता तू नेमके काय करावेस ते सांगतो. पेटी उघडून रीड काढ, तोंडात धर आणि खुर्चीवर बस. रीड नीट भिजायला तीन-चार मिनिटे लागतात. या वेळात आपण फोन चाळतो किंवा पाने उलटत बसतो. हाच वेळ तुझ्या तयारीचा आहे. पाठ सरळ ठेव, खांदे एकदा कानापर्यंत उचलून सोडून दे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. असे पाच-सहा श्वास झाले की स्वतःला एकच प्रश्न विचार: आज या चार बारांत मला काय बदलायचे आहे? ‘चांगले वाजवायचे आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘तिसऱ्या बारातला डी अंगठ्यासकट एकदम यायला हवा’ हे चालेल. उत्तर इतके नेमके असू दे की ते साधले की नाही हे सरावानंतर हो किंवा नाही या एका शब्दात सांगता येईल.

त्यानंतर ती ओळ मनात वाजव, पण सूर तुझ्या वाद्याच्या आवाजात ऐक. आल्टो सॅक्सोफोनवर कागदावरचा सी वाजवला की कानाला ई फ्लॅट ऐकू येतो, हे लक्षात ठेव. नुसती स्वरांची नावे मनात म्हणत गेलास तर ते वाचन होईल, ऐकणे होणार नाही. शंका आली तर तोंडातले रीड काढून ती ओळ गाऊन पाहा. आवाज चांगला असण्याची काही गरज नाही. गाताना जो स्वर डगमगतो तो वाजवतानाही डगमगणार, असा माझा अनुभव आहे. सी शार्प मुळात थोडा पातळ आणि उतरलेला येतो आणि त्याच्या शेजारचा डी भरीव आणि किंचित चढलेला येतो. तेव्हा दोन्ही एकाच गळ्यातून निघाल्यासारखे व्हायचे असतील, तर आधी तसे मनात ऐकावे लागेल.

मध्येच चित्र पुसट झाले तर पुढे जाऊ नकोस. वेग निम्म्यावर आण, आणि तिथेही पुसट असेल तर दोनच स्वर घे. मनात चूक वाजली तर ती तशीच सोडून पुढे जायचे नाही, हे फार कसोशीने पाळ, कारण मनात दहा वेळा केलेली चूकही सरावच आहे.

वाजवायला लागल्यावरही ही सवय सोडू नकोस. अडखळलास की आपण सगळेच ताबडतोब तीच ओळ पुन्हा, जरा जास्त जोराने, वाजवतो. मीही कित्येक वर्षे तेच केले, आणि त्यात चुकीवर चुकीचा थर चढत गेला. आता मी माउथपीस ओठांतून काढतो, वाद्य मांडीवर टेकवतो, ती जागा एकदा मनात बरोबर ऐकतो आणि मगच परत सुरू करतो. यात दहा-बारा सेकंद जातात. दोन तासांत वाजवलेले स्वर कमी भरतील, त्याची काळजी करू नकोस.

खांदे वर चढतात म्हणालास, त्याविषयी थोडे सांगतो. ती जागा आणि ती भीती तुझ्या शरीरात एकत्र जुळली आहेत आणि त्यांना सोडवायला शांत जागा हवी. वाद्य हातात नसताना ती ओळ ऐकत असताना खांद्यांवर लक्ष ठेव. मनात वाजवतानाही ते आखडतात, हे तुला दिसेल. तिथेच थांब, श्वास सोड, खांदे सैल झाले की त्याच स्वरापासून पुढे जा. लोकांसमोर वाजवायचे असेल तेव्हाही मी हेच करतो, फक्त चित्रात आणखी काही गोष्टी घालतो: कोरडे पडलेले तोंड, समोरची शांतता, पहिला श्वास घेतानाचे धडधडणे. सगळे छान झाले आणि टाळ्या वाजल्या, अशी स्वप्ने रंगवून माझा कधी फायदा झालेला नाही. धडधड असतानाही पहिला सूर कसा लावायचा, हे आधी मनात करून ठेवल्याचा मात्र दर वेळी झाला आहे.

रात्री झोपण्यापूर्वी दिवा मालवल्यावर ती ओळ एकदा, फक्त एकदाच, सावकाश ऐक. बोटांचे शिकलेले क्रम झोपेनंतर अधिक पक्के होतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. मला स्वतःला तरी सकाळचा पहिला प्रयत्न आदल्या रात्रीच्या शेवटच्या प्रयत्नापेक्षा बहुधा बरा गेलेला दिसतो.

आता तुझ्याकडून मला एकच हवे आहे. उद्या रीड तोंडात धरून ते चार बार ४० च्या वेगाने मनात वाजव, आणि कोणत्या स्वरापाशी चित्र पुसट झाले ते मला पत्राने कळव. ८८ वर काय झाले हे या वेळी लिहू नकोस. तो स्वर डीच निघाला तर डाव्या अंगठ्याची चौकशी सर्वांत आधी कर.

तुझा,
जिवलग मित्र